पाच वॅटचा ॲम्प

गिटारचा ॲम्प किती वॅटचा, हे आपल्याकडे मोटारसायकल किती सीसीची त्याच सुरात विचारलं जातं. मी ‘पाच’ म्हणालो की समोरचा जरासा थांबतो आणि ‘सुरुवातीला ठीक आहे’ म्हणून धीर देतो. कॉलेजात असल्यापासून मी वाजवतोय, आता केस पिकले. या वयात कुणी आपल्याला सुरुवातीला ठीक म्हणत असेल तर ते गोडच मानून घ्यावं. पण पाच वॅट म्हणजे खेळणं, ही समजूत किती पोकळ आहे हे कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर, भिंतीला भिंत लागलेल्या घरात राहणाऱ्याला विचारावं.

आधीचा माझा ॲम्प ट्रान्झिस्टरचा होता. गॅदरिंगं, लग्नाचे ऑर्केस्ट्रे, पावसात टेम्पोतून केलेले प्रवास, सगळं त्याने निमूट सोसलं. त्याच्याबद्दल तक्रार करायला मला जागा नाही. मात्र एका जॅमरूममध्ये फेंडरचा ब्लूज ज्युनिअर ठेवलेला असायचा, पंधरा वॅटचा, व्हॉल्व्हचा. त्याच्यावर माझी टेलिकास्टर लावली की बोटांना एक वेगळंच उत्तर मिळायचं. हळू छेडली तर तार स्वच्छ वाजे, जोर लावला की त्याच तारेचा आवाज कडेकडेने फाटायला लागे. गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की पुन्हा स्वच्छ. पेडलला पाय लावायची गरज नाही. ट्रान्झिस्टरचा आवाज एका मर्यादेपर्यंत सरळ जातो आणि मग एकदम कापला जातो. व्हॉल्व्ह त्या मर्यादेकडे जाताना आधीपासून दबत, वाकत जातो. वाजवणाऱ्याला हवी असते ती ही मधली जागा.

पण ती जागा फुकट मिळत नाही. आउटपुटचा व्हॉल्व्ह घाम गाळेपर्यंत राबवला तरच ती हाती लागते, आणि पंधरा वॅटचा ॲम्प तिथपर्यंत नेला की जॅमरूमच्या काचा थरथरतात. घरी तोच ॲम्प आणला असता तर मला त्याचं बटण एकाच्या पुढे कधीच नेता आलं नसतं, आणि एकावर ठेवलेला व्हॉल्व्हचा ॲम्प म्हणजे महागडा टेबललॅम्प. म्हणून छोटा. माझ्या डोक्यात तेव्हा एवढंच होतं.

मग मी वही घेऊन बसलो. गिटारच्या स्पीकरच्या माहितीपत्रकात एक आकडा असतो: एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो. चांगल्या बारा इंची स्पीकरचा हा आकडा ९८ ते १०० च्या आसपास असतो. पाच वॅट दिले की त्यात सात डेसिबलची भर, म्हणजे १०५. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घातलेली आहे. आता उलटा हिशोब करा. दोन माणसं जरा चढ्या आवाजात बोलतात तेवढा, म्हणजे सत्तरच्या आसपासचा आवाज त्या स्पीकरमधून काढायला किती वीज लागते? दोन हजारांश वॅट. पाच वॅटवाल्याकडे पाहून हसणाऱ्यांना मी हा आकडा सांगतो.

दुसरी गंमत अशी की पाच वॅट आणि पन्नास वॅट यांत कानाला दहा पट फरक पडत नाही. दहा पट शक्ती म्हणजे दहा डेसिबलची वाढ, आणि दहा डेसिबल वाढले की माणसाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. पाचाचे अडीच केले तर फक्त तीन डेसिबल कमी होतात. खालच्या मजल्याला ते कळणारही नाही. तेव्हा ‘शेजाऱ्यांसाठी अडीच वॅटचा घेऊ का?’ या प्रश्नाला काही अर्थ नाही. घ्यायचा तर एक वॅटच्या खालचा, नाहीतर पाचच बरा.

हे छोटे ॲम्प जन्मले तेच शिकाऊ पोरांसाठी. फेंडरच्या यादीत चॅम्प हा सर्वांत तळाचा: साठच्या दशकाच्या तोंडाशी मिळणाऱ्या चॅम्पमध्ये आवाजासाठी दोनच व्हॉल्व्ह, पुढे १२एएक्स७ आणि मागे एक ६व्ही६, शिवाय विजेसाठी एक रेक्टिफायर, आणि आठ इंची स्पीकर. इंग्लंडात व्हॉक्सने एसी४ काढला, ६व्ही६च्या जागी ईएल८४ घालून, चार वॅटचा. मुलाने सहा महिन्यांत गिटार सोडली तरी बापाला फार चटका बसू नये, अशा बेताने केलेल्या या वस्तू. पण स्टुडिओतल्या लोकांना लवकरच लक्षात आलं की मायक्रोफोनला खोली किती दणाणली याच्याशी देणंघेणं नसतं. १९७० साली मायामीत ‘लैला’चं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा एरिक क्लॅप्टनने चॅम्पच वापरला. लेड झेपेलिनच्या पहिल्या अल्बमवरचा जिमी पेजचा आवाजही एका छोट्या सुप्रो ॲम्पचा. ती गाणी आपण भिंतीएवढ्या मार्शलची समजून ऐकत आलो.

निवड करताना पहिला प्रश्न आला ६व्ही६ की ईएल८४. ६व्ही६चा आवाज गोलसर, खालचे सूर मऊ, फाटताना नरम. ईएल८४ वरच्या मध्यात चमकतो, तारेवरचं नख ऐकू येतं, आणि फाटताना जरा खरखरतो. टेलिकास्टर मुळातच टोकदार असल्याने ६व्ही६ घ्यायला हवा, असं मला दोघातिघांनी सांगितलं. तर्क बरोबर होता. पण मी आपली गिटार पाठीवर टाकून दोन्ही प्रकारचे ॲम्प ऐकले, धोबी तलावच्या दुकानांत आणि ओळखीपाळखीच्या घरांत, आणि माझा हात ईएल८४वर जास्त मोकळा चालला. याला शास्त्र नाही. एवढं मात्र सांगेन की दुकानातली गिटार घेऊन ॲम्प ऐकू नये, आपलीच न्यावी. आणि आधी सगळी बटणं मधोमध ठेवून गिटारवरचा व्हॉल्यूम खाली-वर करून पाहावा. तिथे जो ॲम्प निर्जीव वाटतो तो पुढे घरी जिवंत होत नाही.

दुसरं ठरवलं ते हे की मागे एकच व्हॉल्व्ह असावा. मोठ्या ॲम्पमध्ये दोन किंवा चार व्हॉल्व्ह जोडीने ओढतात. एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे खेचतो, त्यामुळे शक्ती वाढते आणि विजेची गुणगुण आपसांत बरीचशी खपून जाते. एकट्या व्हॉल्व्हला ती सोय नाही. तो सतत पूर्ण ताणावर चालतो, तुम्ही वाजवा अगर वाजवू नका. ईएल८४ आपल्या अंगावर बारा वॅट उष्णता झेलू शकतो आणि त्यातून पाचेक वॅटचा आवाज देतो. मे महिन्यात खोलीत बसलं की बाकीचे कुठे जातात ते कळतं. गुणगुणही थोडी राहतेच. पण दोन व्हॉल्व्ह एकमेकांचे जे सम हार्मोनिक खोडून टाकतात ते एकट्याकडे शाबूत असतात, आणि मला तो भरीवपणा आवडतो.

शेवटी वापरलेला एक कॉम्बो मिळाला. एक ईएल८४, एक ईसीसी८३ (१२एएक्स७चंच हे युरोपी नाव), तीन बटणं, आठ इंची स्पीकर, मागे आठ आणि सोळा ओहमचे जॅक. विकणारा मुलगा नोकरीसाठी परदेशी निघाला होता. परदेशातून मागवण्याचा मोह मी टाळला, त्याला कारण आयातकर आणि त्याहून मोठं कारण वीज. अमेरिकेतला ॲम्प १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झवर चालतो. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. साठासाठी बेताने गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर पन्नासावर जास्त तापतो.

घेतल्यावर पहिलं काम केलं ते बुधवार पेठेत नेण्याचं. पासोड्या विठोबाच्या आजूबाजूला इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत, आणि त्यांच्यात रेडिओच्या काळापासून बसलेले एक काका आहेत. आता ते बहुतेक मिक्सर आणि एलईडी दिव्यांवर पोट भरतात. मी ॲम्प टेबलावर ठेवला.

“कशाचा?”

“गिटारचा, काका. व्हॉल्व्हचा आहे.”

त्यांनी मागचं झाकण काढलं, चष्मा वर केला. “हा रेडिओच की हो. फक्त स्टेशन लागत नाही.”

आणि ते शंभर टक्के खरं होतं. आपल्या घराघरांतल्या अनेक फिलिप्स आणि मर्फी रेडिओंच्या शेवटच्या टप्प्यात हाच ईएल८४ असायचा, एकटा, असाच एका ट्रान्सफॉर्मरमार्गे स्पीकरला जोडलेला. स्टेशन पकडणारा पुढचा भाग काढून गिटारचा जॅक बसवला की जवळपास हाच ॲम्प. काकांना सर्किटचा नकाशा लागला नाही.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो अर्थिंगचा. घरात तिसऱ्या पिनला खरंच तार आहे की नुसतं भोक? जुन्या इमारतींत ती तार कुठेतरी भिंतीतच संपलेली असते, आणि मग ॲम्प गुणगुणतो, गिटारच्या तारांना हात लावला की झिणझिण्या येतात. तसं असेल तर ॲम्पच्या आधी इलेक्ट्रिशियन बोलवावा. मग त्यांनी मीटर लावला. आमच्याकडे रात्री उशिरा वीज २४५च्या वर जाते. ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरला २२० आणि २४० असे दोन टॅप होते आणि तार २२०वर जोडलेली होती. म्हणजे व्हॉल्व्हच्या तापणाऱ्या तारेला ६.३ व्होल्टऐवजी सात मिळत होते. असा व्हॉल्व्ह छान वाजतो आणि लवकर मरतो. काकांनी तार २४०च्या टॅपवर नेऊन डाग दिला. पाच मिनिटांचं काम. दर वेळी नवे व्हॉल्व्ह घेणारे किती लोक हे तपासतात कोण जाणे.

आत हात घालण्याआधी त्यांनी एक मोठा रेझिस्टर घेऊन कंडेन्सर रिकामा केला होता. आत तीनशेच्या वर डीसी व्होल्ट असतात. “प्लग काढला म्हणजे झालं असं नाही,” ते म्हणाले. “हा तसाच भरलेला बसतो. माझ्यासमोर एकाला पार भिंतीपर्यंत फेकलाय.” तेव्हापासून मी बाहेरून व्हॉल्व्ह बदलतो, आतल्या भागाला हात लावत नाही.

व्हॉल्व्हवरून आठवलं. काकांच्या खणात जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले ईएल८४ होते, भारत इलेक्ट्रॉनिक्सचे, बंगळुरूचे. ही कंपनी आपल्या रेडिओंसाठी व्हॉल्व्ह बनवायची. आज जगभरचे गिटारवाले ते शोधत फिरतात. आता नवे व्हॉल्व्ह मुख्यतः स्लोव्हाकियातल्या जेजे, रशियातल्या सारातोव्ह आणि चीनमधल्या कारखान्यांतून येतात; २०२२च्या युद्धानंतर रशियन मालाची टंचाई झाली आणि सगळ्यांचेच भाव चढले. काकांनी दोन व्हॉल्व्ह मला दिले, घासाघीस न करता. अशा ॲम्पमध्ये ईएल८४ बदलताना काही जुळवावं लागत नाही, तो आपला प्रवाह कॅथोडच्या रेझिस्टरवर स्वतःच सांभाळतो. काढला, घातला, झालं. काच गार होऊ द्यायची एवढंच.

घरी मुलाला कामाला लावलं. तो बारावी सायन्सचा, त्याला प्रयोग म्हटला की अभ्यास टाळायला निमित्त. “बाबा, तू तिकडं तोंड करून बस, आणि मागं बघायचं नाही.” तो व्हॉल्व्ह बदलायचा, मी एकच रिफ वाजवून ओळखायचो. स्लोव्हाकियाचा की भारतचा? मला ओळखता येईना. थोडा फरक होता, पण तो मला व्हॉल्व्हमुळे वाटत होता की चहामुळे, हे सांगता आलं नसतं. व्हॉल्व्हच्या ब्रँडवर लोक जितकं भांडतात त्यातलं निम्मं तरी सोडून द्यावं, असं माझं मत तेव्हा झालं ते आजही आहे. बिघडलेला व्हॉल्व्ह बदला. चांगला चालणारा व्हॉल्व्ह आवाज सुधारेल म्हणून बदलू नका.

एवढं करूनही ॲम्प मला हवा तसा वाजत नव्हता. बोटांना उत्तर मिळत होतं, फाटायचाही सुरेख, पण सगळं डब्यातून आल्यासारखं. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झवर वाजते. आठ इंची कागदी कोन, तोही वीतभर पेटीत बसवलेला, त्या सुराचं फक्त वरचं टरफल ऐकवतो. एका मित्राकडे एक बारा इंची सेलेस्टियन ग्रीनबॅक स्पीकर असलेली नुसती पेटी होती. ती आणली, आतल्या स्पीकरची तार काढून ॲम्प पेटीला जोडला आणि पहिला कॉर्ड वाजवल्यावर मुलाने स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं. तोच ॲम्प, तीच बटणं, तोच व्हॉल्व्ह. जॅमरूममधला आवाज घरात आला होता. हा फरक ओळखायला पाठ फिरवून बसायची गरज नव्हती. बायकोनेही ओळखला, आणि तिला गिटारमध्ये काडीचा रस नाही.

स्पीकर हा गिटारच्या बाबतीत निव्वळ आवाज बाहेर सोडणारा भोंगा नसतो. घरातल्या हायफाय स्पीकरचं काम जे येईल ते जसंच्या तसं ऐकवणं. गिटारचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या पुढे जवळजवळ गप्प होतो, त्याला वरच्या सुरांसाठी वेगळा ट्वीटर नसतो, आणि म्हणूनच फाटलेला आवाज गोड लागतो. फाटलेला ॲम्प हायफाय स्पीकरवर लावून ऐकला की ती वरची चरचर उघडी पडते आणि कान दुखतात. तेव्हा व्हॉल्व्हने जे केलं त्याला शेवटचा आकार कोन देतो. हे कळायला मला ॲम्पच घ्यावा लागला, पण ज्याच्याकडे अजून ॲम्प नाही त्याला माझं सांगणं असं की खर्चाचा हिशोब करताना निम्मे पैसे स्पीकर आणि पेटीसाठी बाजूला ठेवावेत.

आता जुळवणीबद्दल. व्हॉल्व्हला समोर हजारोंच्या घरातला अडसर लागतो. ईएल८४ला साधारण पाच हजार ओहम. स्पीकर आठ ओहमचा. हे दोघं थेट भेटले तर आवाज अगदी क्षीण येईल, म्हणून मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर. पाच हजार भागिले आठ म्हणजे सव्वासहाशे, त्याचं वर्गमूळ पंचवीस: एका बाजूला पंचवीस वेढे तर दुसऱ्या बाजूला एक. आठच्या जॅकला सोळाचा स्पीकर लावला की व्हॉल्व्हला दहा हजार दिसतात. आवाज कमी होतो आणि बदलतो. थोडा वेळ निभावतंही. पण जॅकला काहीच न लावता ॲम्प वाजवला तर ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळून ठिणगी पडते आणि तो जळू शकतो. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पची सवय असलेल्यांना हे माहीत नसतं. जुना स्पीकर मीटरवर तपासाल तर आठ ओहमचा साडेसहा-सात दाखवेल, घाबरू नका. मीटर डीसीवर मोजतो. आणि ॲम्पपासून स्पीकरपर्यंत गिटारची शील्डवाली केबल लावू नका, साधी जाड दोन तारांची लावा.

कुठला स्पीकर घ्यायचा यावर मी बरेच दिवस घोळ घातला. एका ओळखीच्यांकडे सेलेस्टियनचा ॲल्निको ब्लू होता, तो ऐकून मन डळमळलं. ॲल्निको म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टचं चुंबक. सत्तरच्या दशकाअखेर झाईरमधल्या गोंधळाने कोबाल्ट भडकलं आणि बहुतेकांनी सिरॅमिक चुंबकाची वाट धरली. जोरात वाजवलं की ब्लू असा काही दबतो की बोटं हलकी होतात. पण त्याची किंमत माझ्या अख्ख्या ॲम्पहून जास्त, आणि त्याची संवेदनशीलता, म्हणजे माहितीपत्रकातला तो एका वॅटचा आकडा, १०० डेसिबल, ग्रीनबॅकची ९८. स्टेजवर छोट्या ॲम्पला जोर हवा असेल तर हे दोन डेसिबल सोनं आहेत. मला उलटंच हवं होतं. फ्लॅटमध्ये कमी बोलणारा स्पीकर बरा, त्यामुळे ॲम्प थोडा अधिक उघडता येतो. छोट्या ॲम्पला जास्तीत जास्त संवेदनशील स्पीकर घ्या, हा सल्ला जो तो देतो. घरी वाजवणाऱ्याने तो नम्रपणे नाकारावा. दहा इंची जेन्सनही ऐकला, स्वच्छ आवाजाला फार सुंदर, पण माझी सगळी मजा फाटण्याच्या काठावर.

तर ग्रीनबॅकच. पंचवीस वॅट झेलणारा आहे, पाच वॅटने त्याला काही होणार नाही. सोळा ओहमचा, वापरलेला, मुंबईच्या एका वादकाकडून घेतला आणि दादरपासून मांडीवर ठेवून ट्रेनने आणला. वापरलेला स्पीकर घेताना कोनाच्या दोन्ही बाजूंना बोटं टेकवून तो अलगद, सारखा आत दाबावा. आतून खरवडल्याचा आवाज आला तर कॉइल चुंबकाला घासतेय, नमस्कार करून परत यावं. कडा फाटल्यात का बघावं. बाकी वापरलेला असण्याचा तोटा नाही, उलट नवा कोन काही महिने ताठर वाजतो.

पेटी आमच्या सुताराने केली. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन त्याने गोळा केलं. एमडीएफ जड आणि मुकं, म्हणून नको म्हटलं. पुढची फळी प्लायची, स्पीकरचं भोक जिगसॉने कापलेलं. मागच्या बाजूला वर-खाली दोन पट्ट्या आणि मध्ये मोकळं.

“साहेब, मागचं झाकण राहिलं की.”

“नाही, उघडीच ठेवायची.”

“मग पेटी कशाला म्हणायची?” त्याचा प्रश्न रास्त होता. बंद पेटीत खालचे सूर घट्ट येतात आणि आवाज समोरच्याच अंगावर जातो. उघड्या पेटीत कोनाची पाठही बोलते, आवाज खोलीभर पसरतो. छोट्या खोलीत आणि छोट्या ॲम्पला मला तो पसरटपणा बरा वाटतो. वरून रेक्झिन चढवलं ते स्कूटरची सीट कव्हरं शिवणाऱ्याकडून, आणि त्याने ते परदेशी पेट्यांइतकंच सफाईने बसवलं.

मग ठेवायची कुठे, यातही निम्मा आवाज आहे. उघडी पेटी भिंतीला चिकटवली तर मागचा आवाज अडकतो, कोपऱ्यात ठेवली तर खालचे सूर घुमतात. मी ती भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, स्टुलावर ठेवतो. जमिनीवर ठेवलेल्या ॲम्पचे वरचे सूर पोटऱ्यांना ऐकू येतात, कानाला नाही. मग आपण ट्रेबल वाढवत जातो आणि समोर बसलेल्याच्या कानात खिळे ठोकतो. स्टुलाखाली जुन्या गोधडीची चौघडी. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पूर्वी सांगितलं होतं की गाणं त्रास देत नाही, ती बुडबुड देते. गोधडी आल्यापासून ती गेली, असं त्या म्हणतात.

तरी एक गोष्ट कुठलाच ॲम्प सोडवत नाही. आवाज जितका हळू, तितके माणसाच्या कानाला अगदी खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी हे १९३३मध्ये मोजून दाखवलं. ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये शक्ती जाळणारा अटेन्युएटर लावा, अर्ध्या वॅटचा ॲम्प घ्या, मास्टर व्हॉल्यूम खाली करा: व्हॉल्व्ह फाटेल, पण आवाज पातळच वाटेल, कारण कमी पडतो तो आपला कान. मी अटेन्युएटर घेतला नाही. संध्याकाळी पाच ते साडेसहा इमारत रिकामी असते, तेव्हा बटण सहावर नेतो. बाकी वेळी दोनवर, ट्रेबल आणि बेस थोडे वाढवून.

स्टेजवर हा ॲम्प चालतो का, असं विचारणाऱ्यांना: ढोलकी-तबल्यासोबत हो, ड्रमसमोर माइक लावूनच.

आणि ज्यांच्या माळ्यावर आजोबांचा फिलिप्स किंवा मर्फी पडलेला आहे त्यांना एक विनंती. तो किलोवर भंगारात घालण्याआधी मागचा पुठ्ठा काढून बघा. काचेवर ईएल८४ किंवा ईसीसी८३ दिसलं, तर ते काढून एखाद्या गिटार वाजवणाऱ्या पोराला किंवा बुधवारातल्या जुन्या मेकॅनिकला द्या. फक्त रेडिओ लागतो का पाहायला तो इतक्या वर्षांनी थेट भिंतीत खुपसू नका. त्यातले कंडेन्सर वाळलेले असतात, फुटतात.